बिऱ्हाडासकट सुटका: स्वतंत्रपूर आणि त्यानंतर

जन्मठेप भोगलेला कैदी सुटतो तेव्हा गेटवर त्याच्या जमा केलेल्या वस्तू आणि मजुरीचे साठलेले पैसे त्याच्या हातात पडतात. पुढे काय, हे त्याचं त्याने पाहायचं. भाड्याने खोली द्यायला कुणी धजत नाही, वॉचमनच्या नोकरीलाही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, आणि गावात भावकी दारात उभं करीलच असं नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे सगळ्यात धाडसी उत्तर दिलं ते औंध संस्थानाने. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. त्याच सुमारास माणदेशातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा त्यात मोठा वाटा होता. गांधीजींच्या वर्तुळात त्यांना भारतानंद म्हणत. इथे तटबंदी नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनी बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची, अशी ही कल्पना.

याच स्वतंत्रपुरावरून आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटामुळे जेलर सगळ्यांच्या लक्षात राहिला, बिऱ्हाडं मात्र विस्मरणात गेली. माझ्या मते स्वतंत्रपुराचा गाभा ती बिऱ्हाडंच होती. चूल, पोरं, पेरणी, सावकाराची देणी हे सगळं शिक्षा चालू असतानाच माणसाच्या अंगावर राहतं. त्यामुळे सुटका झाल्यावर संसार नव्याने मांडावा लागत नाही.

त्याच काळात, शेजारच्या सोलापुरात, तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ होती. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे तिथे ठेवलेल्यांपैकी कित्येकांनी कसलाच गुन्हा केलेला नव्हता, जन्माने जात मात्र ‘गुन्हेगार’ ठरली होती. हजेरी दिल्याशिवाय हलता येत नसे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी शिक्का पुसायला किती पिढ्या लागतात ते भटक्या-विमुक्तांना विचारावं. सुटून आलेल्या कैद्याच्या वाट्याला येतो तोही असाच शिक्का.

कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणं हे तुरुंगाचं काम आहे, असं १९१९-२० च्या अखिल भारतीय तुरुंग समितीने सांगून ठेवलं होतं. स्वातंत्र्यानंतर सुटकेनंतरच्या देखभालीचा विचार करायला समाजशास्त्रज्ञ म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९५८ साली परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आला. त्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, ही त्यातली फार मोलाची तरतूद. १९८० ते ८३ या काळात न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीनेही सुटकेनंतरच्या मदतीवर भर दिला.

प्रत्यक्षात पुढे गेली ती खुल्या कारागृहांची कल्पना. येरवडा, पैठण अशा ठिकाणी ती सुरू झाली. चांगल्या वर्तणुकीच्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे शेतीत राबता येतं, शिक्षेत माफीही जास्त मिळते. पण घरची माणसं बाहेरच. कुटुंबासह राहण्याची खुली वसाहत महाराष्ट्रात आजही एकच, ती स्वतंत्रपूरची, आणि तिथे जागा मिळते मोजक्याच कैद्यांना. भिंत काढायची हिंमत सरकारने दाखवली, पण चूल पेटू द्यायची नाही.

सुटलेल्यांचं काम मग बरंचसं संस्थांवर पडलं. टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईत आहे. त्याचे समाजसेवक कैदी आत असतानाच त्याला भेटतात, त्याच्या घरच्यांशी संपर्क ठेवतात, बाहेर आल्यावर कागदपत्रं, निवारा, कामाचं शिक्षण यात मदत करतात. विशेषतः बायकांसाठी हे फार गरजेचं आहे. नवरा तुरुंगातून आला तर घर बहुधा त्याची वाट पाहत असतं. बाई आली तर अनेकदा सासर आणि माहेर दोन्ही दारं बंद असतात.

केंद्राने २०२३ साली राज्यांना आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा पाठवला, त्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचा उल्लेख आहे. तुरुंग हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे प्रत्येक राज्याने ठरवायचं आहे. महाराष्ट्राने नियम करताना तज्ज्ञांच्या अहवालांबरोबर आटपाडीलाही एक फेरी मारावी आणि तिथल्या बायकांशी बोलावं.