गावठाण, गायरान आणि अडलेलं घरकुल

कळंबपासून किनवटपर्यंत कुठल्याही पंचायत समितीच्या ओट्यावर बसा, एक वाक्य कानावर येतंच: ‘जागा सरकारचीच, घरकुलही सरकारचंच, मग अडवलं कुणी?’ ऐकून ऐकून कान किटले. सरकार एक नाही, आणि जागाही एक नाही.

गावठाण सांगायला नको. पांढरी म्हणजे गावठाण, गावाच्या वस्तीची जागा, तिथं राहायचंच असतं. घरकुलाला तिथं फारशी आडकाठी नसते.

खरी गफलत गायरानाची. गुरं चारायला ठेवलेली ही जमीन ग्रामपंचायत सांभाळते, म्हणून लोक तिला ‘पंचायतीची’ म्हणतात. सातबारा काढा, मालक महाराष्ट्र शासन. सांभाळणाऱ्याला दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचा अधिकार कुठून येणार? सरपंचानं ठराव केला, ग्रामसभेनं हात वर करून मंजुरी दिली, तरी प्लॉट तुमचा होत नाही. वीस वर्षं घरपट्टी भरली तरी नाही. पंचायतीचा नमुना 8 करआकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. (त्याला ‘आठ अ’ म्हणणाऱ्यांना हात जोडतो. 8अ तलाठ्याकडचा, शेतजमिनीच्या खात्याचा.)

आता दिल्ली. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घराला 1,20,000 रुपये ठरले. 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे. घर मंजूर करताना दिल्ली माणूस बघते: कच्चं घर आहे का, यादीत नाव आहे का. जमीन हा राज्याचा विषय, म्हणून भूमिहीनाला जागा राज्यानं मिळवून द्यावी, असं ती म्हणते. राज्य पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेकडं बोट दाखवतं, म्हणजे जागा विकत घ्या, आम्ही मदत देतो. गावालगत कुणी विकायला तयार असेल तर ना! शेवटी सगळं येऊन आदळतं ग्रामसेवकावर. शिव्या त्याला, अधिकार दुसऱ्याला.

वर सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल. गावाच्या सामायिक जमिनीवरचे बेकायदा कब्जे हटवा, असं राज्यांना बजावलं. त्यातच अपवादही आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी अधिसूचनेनं जमीन पट्ट्यानं दिली असेल, तर ती नियमित करता येते. गायरानाच्या लढ्यात हयात घालवलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी हे वाक्य लाखमोलाचं, पण भाषणांत फक्त ‘हटवा’ एवढंच येतं.

अतिक्रमण नियमित करायचं तर ते ठरलेल्या तारखेआधीचं लागतं; त्या तारखांचाही घोळ घालू नका. 14 एप्रिल 1990 ही शेतीसाठी केलेल्या अतिक्रमणांची तारीख, 1 जानेवारी 2011 राहत्या घरांची. एकीचा कागद दाखवून दुसरीचा हक्क मागितला की फाईल परत येते.

तेव्हा पाया खणण्याआधी सातबारा काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचा. ‘शासन’ दिसलं तर ओट्यावर बसू नका, तहसीलला जा.