कॅलिफोर्नियात एच-४ वर असताना कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन मानसशास्त्र : अर्ज नेमका कुठे अडतो

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) मानसशास्त्राच्या पहिल्या कोर्सला प्रवेशपरीक्षा नाही, टक्क्यांची अट नाही, आधी अमुक विषय झालेला हवा असंही नाही. अर्ज फुकट. तरीही दर सत्राला एच-४ वरच्या (एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) कितीतरी जणी रहिवाशांच्या सातपट फी भरून बसतात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात यादीतून नाव गेलेलं पाहतात. पहिल्या प्रकाराला रहिवासाचे कागद कारणीभूत असतात, दुसऱ्याला एक न वाचलेली सूचना. म्हणून बाकी सगळं थोडक्यात आणि या दोन गोष्टी सविस्तर.

कोर्सचं नाव ‘इंट्रोडक्शन टु सायकॉलॉजी’. पूर्वी प्रत्येक कॉलेजचा क्रमांक वेगळा असे. २०२५ च्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या) सत्रापासून राज्यभर एकच क्रमांक आहे, पीएसवायसी सी१०००. मैत्रिणीने दिलेला जुना क्रमांक शोधून ‘कोर्सच बंद झाला’ असं समजू नका. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात तो साधारण ३ युनिटचा (श्रेयांकांचा) असतो. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे १३८ डॉलर आणि वर आरोग्य शुल्कासारखी किरकोळ रक्कम. डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टर पद्धतीची कॉलेजं आहेत, तिथे दर क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. रहिवासी ठरला नाहीत तर बहुतेक ठिकाणी युनिटमागे आणखी तीनशे डॉलरच्या वर द्यावे लागतात.

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) नको, वर्क परमिट नको. त्यामुळे कॉलेजच्या ‘इंटरनॅशनल स्टुडंट्स’ पानावर जाऊच नका. तिथला अर्ज एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी आहे आणि तो टोफेल (इंग्रजीची परीक्षा), बँकेतली शिल्लक, आय-२० असं सगळं मागतो. हे पाहूनच अनेकजणी ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून परत फिरतात, याचं फार वाईट वाटतं. तुमचा अर्ज इतर सगळ्यांसारखा ‘सीसीसी अप्लाय’ या राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या संकेतस्थळावरच भरायचा. एफ-२ वर (एफ-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) अर्धवेळ शिकता येतं, पण कितीही वर्षं राहिलात तरी त्या व्हिसावर रहिवाशांची कमी फी मिळत नाही. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या सासू-सासऱ्यांचं किंवा आईवडिलांचं नाव हौसेने घालू नका, त्या व्हिसावर कोर्सला नाव नोंदवता येत नाही.

आता रहिवास. नियम ‘एक वर्ष आणि एक दिवस’ असा सांगितला जातो आणि तो जवळजवळ सगळेच चुकीचा मोजतात. मोजणी अर्ज भरल्याच्या दिवसापर्यंत नसते. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत असते. समजा सत्र २४ ऑगस्ट २०२६ ला सुरू होतंय, तर २३ ऑगस्टपर्यंत तुमचं वर्ष आणि वर एक दिवस भरायला हवा. ५ सप्टेंबर २०२५ ला उतरलेली व्यक्ती त्या फॉलमध्ये बाहेरचीच धरली जाईल. जानेवारीत सुरू होणाऱ्या स्प्रिंग सत्राला मात्र ती बसू शकते. एक सत्र थांबल्याने नऊशेच्या वर डॉलर वाचत असतील तर थांबावं.

दुसरी गफलत त्याहून महागात पडते. नुसतं राहून भागत नाही, इथेच राहायचा इरादा होता हेही कागदावर दिसावं लागतं, आणि तेही वर्षभराचं. पासपोर्टवरचा शिक्का २०२४ चा असला आणि ड्रायव्हिंग लायसन्स गेल्या महिन्यातलं असलं, तर कॉलेजच्या खिडकीपलीकडचा माणूस विचारणारच की मधल्या काळातलं काय आहे. इथे आपल्या घरांतली नेहमीची अडचण उभी राहते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर, गाडी त्याची, बँक खातंही त्याचंच. नवरा रहिवासी आहे म्हणून बायको आपोआप होत नाही, लग्न झालेल्या व्यक्तीचा रहिवास तिचा तिचा मोजतात. आल्या आल्या पहिल्या महिन्यात करायच्या गोष्टी अशा: भाडेकरारात राहणाऱ्यांमध्ये नाव घालून घ्या, बँक खातं जोडनावाने करा, डीएमव्हीत (वाहन परवान्यांच्या सरकारी कार्यालयात) जाऊन लायसन्स किंवा स्टेट आयडी काढा, वीज नाहीतर इंटरनेटचं एक बिल स्वतःच्या नावावर घ्या. कोर्सचा विचार दोन वर्षांनी असला तरीही हे आजच करा.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे राज्याचं टॅक्स रिटर्न. जोडरिटर्नवर तुमचं नाव असतं, त्यामुळे स्वतःची कमाई नसली तरी ते चालतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटिन (फक्त करासाठीचा क्रमांक) घेऊन नाव घालता येतं. फक्त पहिल्या वर्षाचं रिटर्न नीट उघडून पाहा. वर्षाच्या मध्ये आलेल्यांचं रिटर्न फॉर्म ५४० वर नसतं, ५४०एनआर वर असतं, आणि ‘एनआर’ (नॉन-रेसिडेंट) ही दोन अक्षरं पाहून कॉलेजातला कारकून कपाळाला आठ्या घालतो. त्याला त्याच रिटर्नला जोडलेलं शेड्यूल सीए हे पान दाखवा. त्यात तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी कधी झालात ती तारीख असते. ही तारीख आणि अर्जात ‘राज्यातलं सध्याचं वास्तव्य कधीपासून’ इथे लिहिलेली तारीख एकच हवी. अर्जात अंदाजे १ तारीख टाकून देतात आणि मग चार कागदांवर चार तारखा निघतात. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) समोर ठेवूनच भरा.

एफ-२ वरून एच-४ झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एफ-२ वरची वर्षं धरत नाहीत. वर्ष मोजायचं ते एच-४ लागू झाल्याच्या तारखेपासून, आणि ती आय-७९७ (इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीपत्रा) वर असते. व्हिसाचा शिक्का आणि तुमचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्क्याची मुदत संपलेली असली तरी आय-७९७ आणि आय-९४ चालू असतील तर घाबरू नका, ते दोन्ही सोबत द्या. आणि एकदा बाहेरचे ठरलात की पुढच्या सत्राला आपोआप बदल होईल अशी वाट पाहू नका. त्यासाठी वेगळा अर्ज असतो, तो सत्राआधी द्यावा लागतो. मागल्या सत्राचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

अर्जातलं बाकीचं सोपं आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्याची खूण करायला चौकोन आहे, तो भरा, खोटा किंवा नवऱ्याचा नंबर टाकू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. ईमेल स्वतःचा द्या. गेल्या काही वर्षांत बनावट अर्जांचा सुळसुळाट झाल्याने कॉलेजं ओळख काटेकोरपणे तपासतात. आठवडाभर उत्तर आलं नाही तर आधी स्पॅम फोल्डर पाहा, मग पासपोर्ट घेऊन सरळ ॲडमिशन ऑफिसात जा. भारतातल्या मार्कशीटचं मूल्यमापन या एका कोर्ससाठी लागत नाही, त्यावर आत्ताच पैसे घालवू नका.

कोर्स निवडताना वेळापत्रकात ‘असिंक्रोनस’ लिहिलंय ना ते बघा, नाहीतर ठरलेल्या वेळी झूमवर बसावं लागेल. पुस्तकाचा खर्च शून्य असलेल्या वर्गापुढे तशी खूण असते. तिथे बहुधा ओपनस्टॅक्सचं मोफत ‘सायकॉलॉजी’ किंवा तसंच काही वापरतात. सहा-आठ आठवड्यांचा वर्ग पाहून लगेच भुलू नका. सोळा आठवड्यांत आठवड्याला नऊ तास लागणारं काम आठ आठवड्यांत अठरा तासांचं होतं. घरात लहान मूल असेल तर जास्त आठवड्यांचाच वर्ग घ्या. पुढे नर्सिंग किंवा काउन्सेलिंगला जायचं असेल तर ‘पास/नो पास’ (नुसता पास-नापास शेरा) घेऊ नका, ग्रेडच घ्या. तिथे बहुधा सी किंवा त्यावरची ग्रेड मागतात.

आता पहिला आठवडा आणि सुरुवातीला म्हटलेली ती न वाचलेली सूचना. कॅनव्हासवर (ऑनलाइन वर्ग चालतो त्या संकेतस्थळावर) नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली, असं नाही. काहीतरी अभ्यासाचं काम जमा व्हावं लागतं: स्वतःची ओळख करून देणारी पोस्ट, अभ्यासक्रमावरची छोटी क्विझ. ते पहिल्या दोन-तीन दिवसांत केलं नाही तर प्राध्यापक नाव काढून टाकतात आणि जागा वेटलिस्टवरच्याला जाते. वेटलिस्टवर तुम्हीच असाल तर कॉलेजचा ईमेल रोज पाहा, कारण आलेल्या ॲड कोडची (वर्गात नाव घालायच्या क्रमांकाची) मुदत थोडीच असते.

कोर्स झेपत नसेल तर आधी तारखा पाहा. फीचा परतावा पूर्ण सत्रात साधारण पहिल्या दोन आठवड्यांपर्यंत, छोट्या वर्गात पहिल्या १० टक्के काळापर्यंतच. त्यानंतरच्या थोड्या दिवसांत कोर्स सोडला तर रेकॉर्डवर खूण राहत नाही, पुढे ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो आणि सत्राचा ७५ टक्के काळ उलटल्यावर सहसा सोडता येत नाही. नुसतं लॉगिन करणं थांबवलं तर एफ (नापास) ग्रेड मिळू शकते. सोडायचं काम तुम्हीच पोर्टलवर करायचं.

मधेच भारतात जाणार असाल तर रहिवास तेवढ्याने तुटत नाही, पण घड्याळ सांभाळा. रविवारी रात्री ११:५९ ची मुदत पुण्यात सोमवारी दुपारी १२:२९ ला संपते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की १:२९ ला. कॅनव्हासच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बदलून घेतला की मुदत तुमच्या तिथल्या वेळेत दिसते.