हातचा खातो नऊ

गेल्या आठवड्यात डहाणूला मामेभावाकडे होतो. चिकूची खोकी टेम्पोत चढली, हिशेबाची वही अजून उघडीच होती, तेवढ्यात त्याच्या फोनवर फॉरवर्ड आला. १२३४५६७८९८७६५४३२१ ही म्हणे दैवी संख्या, अकरा जणांना पाठवा, भरभराट होईल. मी चिडलोच. असल्या संख्यांच्या नादात आयुष्य घालवलेले द. रा. कापरेकर १९०५ साली याच डहाणूत जन्मले, आणि घरात ते कुणाच्या गावीही नाही! देवळालीला शाळामास्तरकी करता करता हा माणूस ६१७४ या संख्येमुळे जगभर पोचला (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते). फॉरवर्डमधली संख्याही त्यांच्या 'डेमलो' संख्यांपैकीच एक. हे नाव त्यांनी तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या एका स्टेशनावरून ठेवलं होतं.

म्हटलं, वही दे इकडे. नऊ वेळा १ लिहून जी संख्या होते तिला तिनेच गुणायचं, शाळेत शिकवतात तसं. पहिली ओळ १११११११११. दुसरी तीच, पण एककाखाली फुली मारून एक घर डावीकडे. तिसरी आणखी एक घर. अशा नऊ ओळी. आता उजवीकडून रकाने मोजत चला. पहिल्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, नवव्यात पुरते नऊ. पुढे वरच्या ओळी एकेक करून संपतात, म्हणून आठ, सात, करत पुन्हा एक. सतरा रकाने, सतरा अंक. झाली दैवी संख्या!

नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनीही १२३४५६५४३२१ चं वर्णन एकापासून सहापर्यंत चढणारी, मग क्रमाने उतरणारी असं केलंय. पण ते गणित म्हणून. भरभराटीचा वायदा त्यात नाही.

फॉरवर्डमधल्या संख्येचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोनदा. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागही जातो. बेरीज ८१ का, ते वहीतच दिसतं: नऊ ओळींत नऊ-नऊ एक, आपण ते फक्त रकान्यांत मोजले.

"मग दहा वेळा १ लिहिला तर?" वहिनींनी विचारलं. खरी गंमत इथेच आहे. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल बिघडला, डावीकडचा ८ गायब. मधल्या रकान्यात दहा एक जमले, तिथे शून्य मांडून हातचा एक पुढे गेला. पुढच्या रकान्यात नऊ होते, त्यांचे दहा झाले, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे थांबलं.

मांडलेले १ होते शंभर, पण या उत्तरातल्या अंकांची बेरीज भरते ८२. अठरा गेले कुठे? हातच्याने खाल्ले. दर हातच्याला दहा एक जातात आणि शेजारी एकच उमटतो, म्हणजे बेरीज नऊने घटते. हातचे दोन, तूट अठरा. हातचे कितीही येवोत, बेरीज नऊच्याच पटीत घटते, म्हणून नऊने भागून उरणारी बाकी हलत नाही. आजोबा हिशेब तपासायला नवाचा ताळा घ्यायचे, म्हणजे नऊने भागून उरणारी बाकी जुळते का बघायचे, तो हाच. वहिनींनी लगेच चिकूच्या हिशेबाला तो लावला. एका गुणाकारात चूक निघाली.