धरणाच्या फुगवट्याकाठची वस्ती : सह्याद्रीतील पाणकाठच्या पर्यटननिवासांची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईकडील माणूस सुट्टीत ‘तळ्याकाठी राहायला जाऊ’ म्हणतो तेव्हा ते तळे बहुतेक वेळा धरणाचा जलाशय असते. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या पठारावर मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. लोणारचे आहे, पण ते उल्केच्या आघाताने झालेले आणि खाऱ्या पाण्याचे, तर पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव माणसांनीच बांधलेले. त्यामुळे भंडारदरा, मुळशी, पानशेत, पवना, तापोळा या ठिकाणी पाण्याकाठी उभ्या असलेल्या तंबूंचा, बंगल्यांचा आणि घरगुती निवासांचा इतिहास सांगायचा तर तो धरणांपासूनच सांगावा लागतो. काठावर कोणी राहावे, हेही प्रत्येक ठिकाणी धरणाने ठरवले आहे.

पहिले मुक्कामी होते पाटबंधारे खात्याचे अधिकारी. खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये संपले, आणि धरणाला मुंबई इलाख्याच्या तत्कालीन गव्हर्नरावरून विल्सन, तर जलाशयाला आर्थर हिल असे नाव मिळाले. अशा आडरानात देखरेखीला येणाऱ्या साहेबासाठी विश्रामगृह हवेच. ते बांधताना धरणाची भिंत आणि पाणी दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहील अशी उंच जागा निवडली जाई. आज हॉटेलवाले ज्या दर्शनी खोलीचे जास्त पैसे घेतात, ती जागा मुळात पाणी मोजणाऱ्याच्या सोयीची होती, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

भंडारदऱ्याचे पाणी अडवले ते खाली नगर जिल्ह्यातील उसाच्या शेतीसाठी. पर्यटकांच्या वाट्याला आले ते या कामाचे उपफळ. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावरून पसरून पडते, त्याला सगळे ‘अंब्रेला फॉल’ म्हणून ओळखतात, आणि तो विसर्ग चालू असेल तरच दिसतो. रंधा धबधब्याचा जोरही बराचसा वरून किती पाणी सुटले यावर अवलंबून असतो. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, रतनगड आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई ही सारी जुनी ठिकाणे. पण काठी मुक्काम करण्याचा प्रघात जलाशयामुळे पडला, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे निवास उभारल्यावर साहेबाच्या जागेजवळ सामान्य कुटुंबालाही खोली मिळू लागली.

मुळशीची कथा वेगळी आहे, कारण तिथे पाणी शेतीसाठी अडवलेच नव्हते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळा खोरे बुडणार हे कळल्यावर एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती, आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झाले. जलाशयाचे पाणी घाटाच्या पश्चिमेला उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात १९२७ पासून वीज तयार होऊ लागली. वापरलेले हेच पाणी कुंडलिका नदीत सोडले जाते आणि कोलाडच्या राफ्टिंगचा सारा धंदा त्यावर चालतो. सकाळी विसर्ग सुरू झाला की नदी फुगते, तराफे पाण्यात उतरतात. म्हणूनच कोलाडच्या नदीकाठच्या तंबूंमध्ये पाहुण्यांना इतक्या लवकर उठवतात. घाटावर बुडालेल्या खोऱ्याचे पाणी कोकणात पर्यटकांना भिजवते, ही साखळी मात्र तिथे क्वचितच कोणी सांगतो.

स्वातंत्र्यानंतर धरणे वाढली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा मात्र १९७६ मध्ये आला, म्हणजे कोयना आणि पवनेचे पाणी अडल्यानंतर. पवना खोऱ्यातील धरणग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. तुंग, तिकोना, लोहगड यांच्या वेढ्यातील त्याच काठावर आज तंबूंच्या रांगा लागतात. त्यांतील काही स्थानिक शेतकऱ्यांच्या आहेत, काही बाहेरून येऊन जमीन घेतलेल्यांच्या. पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर पोचते त्या रेषेच्या, आतील जमीन सरकारची असते. पाणी ओसरले की ती उघडी पडते, आणि तिथे गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पेरणी, करण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याला लागून वाटणारा तंबू एप्रिल-मेमध्ये चिखलाच्या रुंद पट्ट्यामागे जातो. खोली ठरवताना कोणत्या महिन्यातले छायाचित्र दाखवले आहे, हे विचारणे त्यामुळे शहाणपणाचे.

कोयनेचे धरण १९६४ मध्ये पुरे झाले, उंची १०३ मीटर आणि साठा सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या जलाशयाचा, म्हणजे शिवसागराचा, फुगवटा कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही खोऱ्यांत शिरला. बुडालेली गावे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. जी वर सरकून राहिली त्यांचे रस्ते तुटले आणि बाजार, दवाखाना, शाळा सारे लाँचच्या वेळेवर आले. उत्पन्नाचे साधन उरले नाही, तेव्हा असंख्य घरे मुंबईतील माथाडी कामगारांच्या मजुरीवर चालली. तापोळा आणि बामणोलीचे बोट क्लब, आणि त्यांच्यामागून आलेली घरगुती जेवणाची व मुक्कामाची सोय, ही या तुटलेपणातून निघालेली वाट आहे. नाव हाकणे इथे छंद म्हणून कोणी शिकले नव्हते.

पश्चिमेकडील काठ मात्र वेगळ्या कारणाने निर्मनुष्य राहिला. तिथे १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये ते चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. वासोट्याला जायचे तर बामणोलीहून वनखात्याची परवानगी घेऊन बोटीने पलीकडे उतरायचे, किल्ला पाहायचा आणि दिवस मावळण्याआधी परतायचे. किल्ल्यावर मुक्कामाला मनाई आहे. त्यामुळे शिवसागराच्या या भागातील राहण्याची सारी सोय पूर्वेच्या काठावर, तापोळा-बामणोलीच्या बाजूला एकवटली आहे.