एबीएसचा दिवा लागला: चाकाचा सेन्सर गेलाय की मॉड्यूल?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा घेऊन गॅरेजमध्ये गेलात, की बऱ्याचदा पहिलं वाक्य कानावर पडतं: "मॉड्यूल गेलंय." मलाही तेच सांगितलं गेलं. जुलैचे दिवस होते. मुंबईत हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दोन दिवसांनी दिवा लागला. नव्या मॉड्यूलचा खर्च ऐकून घरात सगळे गप्प झाले. रविवारी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पुढचं डावं चाक खोलून बसलो. सेन्सरची वायर वरून ठणठणीत दिसत होती. स्ट्रटच्या (चाकामागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) क्लिपपाशी मात्र बोटांना ती मऊ लागली. आवरण चिरलं तर आत तांब्याऐवजी हिरवा कळंक, आणि हलकेच ओढताच तिचे दोन तुकडे झाले. नवा सेन्सर बसवला आणि दिवा गेला. मॉड्यूलला काहीच झालं नव्हतं.

या दोन बिघाडांचा दिवा एकच असतो, म्हणून घोळ होतो. सेन्सर म्हणजे चाकाच्या हबपाशी बसवलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, किंवा बेअरिंगच्या सीलमधली चुंबकी पट्टी वाचून तो चाकाचा वेग कळवतो. मॉड्यूल असतं बॉनेटखाली, ब्रेकच्या नळ्या एकत्र येतात तिथे. ॲल्युमिनियमचा ठोकळा, एका अंगाला पंपाची मोटर, दुसऱ्या अंगाला काळ्या डबीत ईसीयू, म्हणजे एबीएसचा छोटा कॉम्प्युटर. साध्या चार चॅनेलच्या एबीएसमध्ये दर चाकामागे दोन असे ८ व्हॉल्व्ह या ठोकळ्यात असतात, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर सहसा १२. सेन्सर फक्त बातमी देतो. त्या बातमीवरून ब्रेकचा दाब सोडायचा की धरायचा, हे मॉड्यूल ठरवतं.

मुंबईच्या हवेत दोघांपैकी आधी कोण मरतं? माझं मत विचाराल तर सेन्सर आणि त्याची वायर. चाकापाशी चिखल, खारी हवा आणि तुंबलेलं पाणी सतत लागतं, शिवाय स्टिअरिंग फिरवताना वायर दर वेळी वाकते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, तेही याच खात्यात.

दिवा कधी लागतो ते आधी बघा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझायला हवा. गाडी हलल्यावर थोड्या वेगाला परत लागला, तर एखाद्या चाकाचा सिग्नल येत नाही असा संशय घ्यायचा. पण पुष्कळ गाड्यांमध्ये पहिल्यांदा थोडा वेग घेतल्यावर मॉड्यूल स्वतःचा पंप क्षणभर फिरवून बघतं, बॉनेटखालून बारीक घर्र ऐकू येते. नेमका त्याच वेळी दिवा लागला तर पंपाच्या मोटरकडे बघावं लागतं. आणि दिवा चावीपासूनच विझत नसेल, तर मॉड्यूल असेलच असं नाही. तुटलेली वायर मॉड्यूलला गाडी उभी असतानाही कळते. एवढ्या एका लक्षणावर कोणी मॉड्यूल बदलायला सांगितलं, तर थांबा.

पुढची पायरी स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतो, एबीएस वाचणाराच आणा. सामान्य कोडमध्ये सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ आणि सी ००५० मागची दोन. सी ०११० पंपाच्या मोटरचं सर्किट, सी ०१२१ व्हॉल्व्ह रिलेचं, सी ०५५० ईसीयूचा. यू ०१२१ म्हणजे बाकी गाडीला मॉड्यूल सापडतच नाही. अशा वेळी आधी फ्यूज, अर्थिंग आणि बॅटरी बघा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती खाली गेलेली असेल तर एबीएस नसत्या तक्रारी करतं.

खरा घोटाळा इथे आहे. कोड "पुढचा डावा सेन्सर" म्हणतो, पण चाकापासून मॉड्यूलच्या आतल्या सर्किटपर्यंत दोष कुठेही असू शकतो. म्हणून मल्टिमीटर हवा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते. कपलर (वायर जोडणारा प्लग) काढून ओहम मोजा, साधारण एक-दोन हजारांच्या आसपास आकडा येतो (नेमका गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा). मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवा, थोडे मिलिव्होल्ट उठले पाहिजेत. नव्या पद्धतीचा सेन्सर मात्र मॉड्यूलकडून वीज घेतो आणि सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअरच्या उड्यांनी उत्तर देतो. त्याला ओहम लावून काही कळत नाही, उलट त्याला इजा होऊ शकते. तिथे चावी चालू करून सेन्सरचा कपलर काढा आणि गाडीकडच्या दोन पिनांवर डीसी व्होल्ट मोजा. मग तेच चांगल्या चाकाच्या कपलरवर मोजा. चांगल्या चाकावर बॅटरीइतके व्होल्ट आणि वाईटावर शून्य आले, तर चावी एकदा बंद-चालू करून परत मोजा, कारण दोष दिसताच काही मॉड्यूल त्या चाकाची वीज तोडतात. तरीही शून्यच, आणि कपलर ते मॉड्यूल वायर अखंड, कुठे शॉर्ट झालेली नाही, असं मीटरने सिद्ध झालं, तर आणि तरच मॉड्यूलवर बोट ठेवा.

सेन्सरही निर्दोष असून बदनाम होतो. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला, तर चुंबकी पट्टीची बाजू उलटी बसली का ते बघा. ही बाजू आणि सीलची साधी बाजू डोळ्यांना जवळजवळ सारखीच दिसते. नवं बेअरिंग बसवण्याआधी बारीक टाचणी लावून बघायची, ती ज्या बाजूला चिकटते ती सेन्सरकडे. दातेरी रिंगच्या गाड्यांत रिंगखाली गंज फुगतो, रिंग तडकते. मग दिवा न लागताही सिग्नलवर थांबताना, शेवटच्या काही फुटांत, पेडल थरथरतं. लोक याला मॉड्यूलचा बिघाड समजतात, पण तो बहुतेकदा त्या गंजाचा खेळ असतो.

मॉड्यूल खरंच गेलं असेल तर? अनेक गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह काढून, टॉर्क्स स्क्रू सोडवून ईसीयूची डबी ठोकळ्यापासून वेगळी होते, ब्रेकच्या नळ्यांना हात लागत नाही. घरी एवढंच करावं. डबीच्या आत जेलखाली केसाएवढ्या ॲल्युमिनियमच्या तारा असतात, त्या साध्या सोल्डरिंगने जुळत नाहीत. हे काम ईसीयू दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, आणि आपलीच डबी परत मागा, म्हणजे गाडीचं कोडिंग टिकतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी मॉड्यूल मिळतात, पण नंबर तंतोतंत जुळला तरी कोडिंग करावं लागू शकतं. डबी बाहेर असताना गाडी चालवू नका. ठोकळ्याच्या नळ्या सोडवल्या तर आत हवा शिरते आणि अनेक गाड्यांत ती एअर काढायला स्कॅनरने पंप फिरवावा लागतो. ते काम कंपाउंडमध्ये करू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, चाक जाम होण्यापासून वाचवणारं कोणी नसतं एवढंच. पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. ती ठीक असेल तर मागच्या चाकांचा दाब सांभाळणारं ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं. ओल्या फ्लायओव्हरवर जोरात ब्रेक मारला तर मागची बाजू फिरू शकते. अशी गाडी टोइंगनेच न्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघायला सांगा. ताशी २० किलोमीटरला चारही आकडे बरोबरीने चालले पाहिजेत. मग पहाटे, रस्ता मोकळा आणि मागे कोणी नाही हे बघून, ३० च्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाखाली टरटर वाजत थरथरलं आणि गाडी सरळ थांबली, तर एबीएस कामाला लागलंय.