घरपट्टीत ‘भाडं’ कुठून आलं?

परवा आईने पुण्याच्या घराचं मिळकतकराचं बिल पुढे ठेवलं आणि विचारलं, आपण घर कधी भाड्याने दिलेलंच नाही, मग हे वार्षिक भाडं कुणाचं धरलंय? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर खूप जुनं आहे.

इंग्लंडमध्ये १८३६ च्या एका कायद्यात असं ठरलं की घरावर स्थानिक कर लावताना ते घर वर्षभरासाठी भाड्याने दिलं तर साधारण किती भाडं येईल ते बघायचं, मालक स्वतः राहतो का भाडेकरू ठेवलाय याचा संबंध नाही. हीच कल्पना मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात कलम १५४ मध्ये आली, अपेक्षित वार्षिक भाडं धरा, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा करा, उरेल ते करपात्र मूल्य. पुढे १९४९ च्या कायद्याने पुण्यासारख्या बाकीच्या महापालिकांनाही हाच साचा मिळाला. म्हणजे बिलावरचं भाडं हे कुणी दिलेलं नाही की घेतलेलं नाही, ते फक्त मोजायचं माप आहे.

हे माप बिघडलं ते भाडेनियंत्रणामुळे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं, त्यालाच प्रमाणित भाडं म्हणतात. मग महापालिकांचं म्हणणं असं की बाजारात जास्त भाडं येतंय तर त्यावर कर घेऊ, आणि मालक म्हणायचे की कायद्याने जे भाडं मला घेताच येत नाही त्यावर कर कसा भरू? पुढे दिल्लीच्या दिवाण दौलत राय कपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करासाठी धरलेलं भाडं प्रमाणित भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही, ते भाडं रीतसर ठरवून घेतलेलं नसलं तरी आणि घरात मालक स्वतः राहत असला तरी. मला हा निकाल न्याय्यच वाटतो, पण त्याचा परिणाम असा झाला की जुन्या चाळींची आणि वाड्यांची घरपट्टी थिजली आणि शहर चालवायचा भार नव्या इमारतींवर सरकत गेला. गिरगावातली जुनी खोली आणि उपनगरातला तेवढाच नवा फ्लॅट यांच्या बिलात एवढं अंतर का, तर त्याचं मूळ इथे आहे.

यातून सुटायला मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भाडं सोडून भांडवली मूल्य, म्हणजे घराची किंमत, धरलं. रेडी रेकनरचा दर (सरकारने ठरवलेला मालमत्तेचा भाव), चटई क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर असं सगळं गुणून मूल्य काढायचं आणि दर पाच वर्षांनी ते नव्याने बघायचं. तिथेही वाद झालेच, जमिनीवर पुढे किती एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात करता येणारं बांधकाम) वापरता येईल ते धरून मूल्य लावायचा नियम हायकोर्टाने रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला, कर आज जे उभं आहे त्यावर, उद्या उभं राहील त्यावर नाही. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला तोही २०२२ मध्येच.

पुण्याने मात्र भाड्याचीच पद्धत ठेवली. समजा ६०० चौरस फुटांचं घर आणि महिन्याला फुटामागे २ रुपये दर, तर वर्षाचे १४,४०० रुपये, त्यातून १० टक्के वजा केले की १२,९६० करपात्र रक्कम, आणि कराचे टक्के या रकमेवर लागतात. घरात स्वतः राहत असाल तर १९७० च्या ठरावाने ४० टक्के सवलत होती, ती धरली तर हीच रक्कम ७,७७६ वर येते, केवढा फरक पडतो बघा. २०१९ मध्ये ती सवलत गेली तेव्हा ज्यांच्या हातात अचानक वाढीव बिलं पडली त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली, पण दुरुस्तीची वजावट पूर्वी पुण्यात १५ टक्के होती ती मात्र १० वर आली, आणि नव्याने नोंद झालेल्या किंवा सवलत गेलेल्या घरांना पीटी-३ फॉर्म भरून आपण स्वतः राहतो हे दाखवावं लागलं.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, फुटाचा दर घराची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षीचा लागतो. नव्या नोंदींचे दर वाढतात, जुन्या घरांचे तिथेच राहतात, म्हणून एकाच रस्त्यावर समोरासमोर सारखी घरं असून करपात्र रक्कम वेगळी दिसते. आईच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या जुन्या पावत्या काढून लावून बघितल्या, वर्षानुवर्षं करपात्र रक्कम तीच, बदलत गेले ते खालचे टक्के.