कॅमेरा, स्लिम डिजिटल

शर्टाच्या खिशात सहज मावेल इतक्या कमी जाडीचा, लेन्स कायमची जोडलेली असलेला डिजिटल कॅमेरा. हा वर्ग शास्त्रीय वर्गीकरणातून आलेला नसून व्यापारात रूढ झाला आहे. साधारणपणे २५ मिमी.पेक्षा कमी जाडीचे कॅमेरे त्यात धरले जातात. जाडीचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. बाहेर आलेले भाग वगळून किंवा सर्वांत पातळ जागी मोजलेला आकडा जाहिरातीत देण्याची प्रथा होती. २००५ मधील सोनी सायबर-शॉट टी७ हा ९.८ मिमी. जाडीचा म्हणून ओळखला गेला; त्याची कमाल जाडी सुमारे १५ मिमी. होती.

या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेला पहिला डिजिटल कॅमेरा सुमारे साडेतीन किलोग्रॅम वजनाचा होता आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद घेत असे. त्याचा येथे केवळ पूर्वज म्हणून उल्लेख करता येतो. १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने मागील बाजूस चित्र दाखवणारा पडदा सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेला, पण तो पातळ नव्हता. काही लेखक कॅननच्या २००० मधील डिजिटल इक्ससपासून सुरुवात करतात. धातूचे सुबक कवच आणि ऑप्टिकल झूम ही त्याची जमेची बाजू असली, तरी जाडी सुमारे २७ मिमी. होती. त्यामुळे लहान कॅमेऱ्याच्या इतिहासात तो अग्रभागी असला, तरी पातळ कॅमेऱ्याचा आरंभ २००२ या वर्षाकडे नेणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या वर्षी कॅसिओचा एक्झिलिम ईएक्स-एस१ आणि मिनोल्टाचा डिमाज एक्स असे दोन कॅमेरे आले आणि दोघांनी एकाच अडचणीला अगदी भिन्न उत्तरे दिली.

ती अडचण प्रकाशशास्त्रीय होती. इलेक्ट्रॉनिक भाग दरवर्षी आकसत होते. चित्रे साठवणाऱ्या सीएफ कार्डाची जाडी ३.३ मिमी. होती, एसडी कार्डाची २.१ मिमी.वर आली, लिथियम-आयन बॅटऱ्या चपट्या झाल्या, पडदा मोठा झाल्यावर डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर गळाला. लेन्स मात्र हट्टी होती. झूमसाठी भिंगांचे गट एकमेकांपासून दूर-जवळ सरकावे लागतात आणि त्यासाठी लांबी लागतेच. प्रकाश टिपणारा सेन्सर लहान केला की केंद्रांतर (लेन्सपासून प्रतिमा स्पष्ट उमटते तेथपर्यंतचे अंतर) त्याच प्रमाणात घटते, हा पहिला दिलासा. या कॅमेऱ्यांत प्रामुख्याने वापरल्या गेलेल्या १/२.५ इंची सेन्सरची प्रत्यक्ष मापे सुमारे ५.८ × ४.३ मिमी. असतात. (इंचातील हा आकडा सेन्सरचा कर्ण नव्हे, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातील नळीच्या बाहेरील व्यासावरून चालत आलेली ती पद्धत आहे.) पस्तीस मिमी. फिल्म कॅमेऱ्यातील ३५ मिमी. लेन्सचे दृष्टिक्षेत्र येथे जेमतेम ६ मिमी. केंद्रांतरात मिळते. तरीही झूमचा प्रश्न उरतोच.

ईएक्स-एस१ ने झूम सोडूनच दिला. स्थिर फोकसची एकच लेन्स घेऊन त्याने ११.३ मिमी. जाडी गाठली, लांबी-रुंदी ८८ × ५५ मिमी., म्हणजे जवळजवळ क्रेडिट कार्डाएवढी. डिमाज एक्सने प्रकाशाची वाटच वळवली. पुढील भिंगामागे बसवलेला लोलक किरण ९० अंशांत खाली वळवतो आणि झूमचे गट कॅमेऱ्याच्या उंचीच्या दिशेने, उभे सरकतात. त्यामुळे २० मिमी. जाडीच्या कवचात ३ पट ऑप्टिकल झूम बसला आणि लेन्स कधीच बाहेर येत नसल्याने कॅमेरा चटकन सुरू होई. ही रचना निर्दोष नव्हती. लेन्स वरच्या कोपऱ्यात गेल्याने फोटोत बोट येई आणि लोलकाच्या आकारामुळे प्रकाश आत घेणारे मोठे छिद्र, म्हणजेच मोठे अ‍ॅपर्चर देणे कठीण होई. २००३ च्या अखेरीस आलेल्या सोनी टी१ मध्ये ते एफ/३.५ इतकेच होते (एफपुढील आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते), म्हणजे घरातील उजेडात फ्लॅशवाचून भागत नसे. तरीही या प्रकारातील सर्वांत कल्पक रचना म्हणून तिचाच उल्लेख करावा लागेल. पुढे २०१९ मधील हुआवे पी३० प्रोसारख्या फोनमधील पेरिस्कोप लेन्स याच तत्त्वावर बांधल्या गेल्या.

तिसरा मार्ग पेंटॅक्स ऑप्टिओ एस (२००३) या कॅमेऱ्याचा. लेन्स मिटताना भिंगांचा मधला गट अक्षावरून बाजूला सरकतो आणि इतर गटांच्या शेजारी जाऊन बसतो. तीन थर एकामागे एक ठेवण्याऐवजी दोनच थरांची जाडी लागते. हा कॅमेराही सुमारे २० मिमी. जाडीचा होता, वजन सुमारे १०० ग्रॅम. पेंटॅक्सची हीच लेन्स कॅसिओच्या ईएक्स-झेड३ मध्येही बसवली गेली. कॅननने भिंगे बाजूला सरकवण्याऐवजी अधिक अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाश अधिक वाकवणाऱ्या, काचेची पातळ भिंगे वापरण्याचा मार्ग धरला.

पातळपणाची किंमत चित्राच्या दर्जात मोजावी लागली. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ आल्याने डोळ्यांच्या पडद्यावरून परतलेला प्रकाश सरळ लेन्समध्ये शिरतो आणि बुबुळे लाल दिसतात. पुष्कळ मॉडेलांत अ‍ॅपर्चर लहान-मोठे करणाऱ्या पात्यांना जागा नसल्याने त्याऐवजी प्रकाश कमी करणारी करडी गाळणी आड येते. उजेड घटतो, पण स्पष्टतेची खोली (जवळच्या-दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट येण्याचा पल्ला) वाढत नाही. मेगापिक्सेलच्या स्पर्धेने यात भर घातली. १२ मेगापिक्सेलच्या १/२.३ इंची सेन्सरवर पिक्सेलची रुंदी सुमारे १.५ मायक्रोमीटर भरते, तर एफ/२.८ ला हिरव्या प्रकाशाची विवर्तन-चकती (छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने बिंदूऐवजी उमटणारा ठिपका) सुमारे ३.८ मायक्रोमीटर व्यासाची असते. म्हणजे वाढवलेल्या पिक्सेलांपैकी बरेच तपशीलात काही भर घालत नव्हते. अंधूक प्रकाशात दाणेदारपणा मात्र वाढवत होते. थरथर कमी करणारी यंत्रणा (पॅनासॉनिक लुमिक्स एफएक्स७, २००४) ही या काळातील खरी उपयुक्त सुधारणा म्हणता येईल.

लग्नसमारंभ, सहली, वाढदिवस यांतील या कॅमेऱ्यांचा वापर सर्वपरिचित होता.

जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये लेन्स जोडलेले सर्व प्रकारचे मिळून १० कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे १७ लाख होती. स्मार्टफोन हे घसरणीचे मुख्य कारण होय. मिनोल्टाचा वारसा चालवणारी कोनिका मिनोल्टा त्याआधीच, २००६ मध्ये, या व्यवसायातून बाहेर पडली होती. कॅसिओने २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेरे थांबवले. टिकलेल्या कंपन्यांनी जाडीचा आग्रह सोडून सेन्सर वाढवला. सोनी आरएक्स१०० (२०१२) मधील १३.२ × ८.८ मिमी. सेन्सरसाठी सुमारे ३६ मिमी. जाडी स्वीकारण्यात आली. अलीकडे २००० ते २०१० या दशकातील सीसीडी या आधीच्या प्रकारच्या सेन्सरच्या जुन्या पातळ कॅमेऱ्यांना तरुणांकडून पुन्हा मागणी येऊ लागली आहे. त्यांच्या रंगांचे श्रेय बहुधा सीसीडीला दिले जाते. परंतु रंग ठरण्यात सेन्सरवरील रंगगाळण्या आणि कॅमेऱ्यातील प्रक्रिया यांचा वाटा अधिक असतो, हे मत जास्त ग्राह्य वाटते.